२६ जानेवारी आणि राखीव गोलकीपर

आमच्या चाळीच्या मंडळाचं स्नेहसंमेलन दरवर्षी २६ जानेवारीला असायचं. सकाळी झेंडावंदन, मग सत्यनारायण, दुपारी बायकांची संगीत खुर्ची, पोरांचं लिंबू-चमचा, आणि ऊन उतरलं की विवाहित विरुद्ध अविवाहित असा फुटबॉलचा सामना. आजूबाजूची मंडळं क्रिकेट खेळायची. पण आमची चाळ कांदिवलीची आणि निम्मी बिऱ्हाडं महिंद्राच्या कारखान्यातली. कंपनीची फुटबॉल टीम १९६२ पासूनची. वडिलांच्या पिढीला ती नोकरीबरोबरच मिळाली होती, बोनससारखी.

रोव्हर्स कप सुरू झाला की वडील आणि त्यांच्या पाळीतले दोघं-तिघं आम्हा पोरांना घेऊन कूपरेजच्या फुटबॉल मैदानाकडे निघायचे. कांदिवलीहून चर्चगेटची गाडी, पुढे ओव्हल मैदान तुडवत पायी. शेंगदाण्यांची पुडी मॅच सुरू व्हायच्या आतच संपायची. ही स्पर्धा १८९१ सालची, हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ सलग पाच वेळा जिंकलेली, हे वडिलांनी इतक्यांदा सांगितलंय की पाढे विसरलो तरी ते विसरणार नाही. कलकत्त्याच्या मोहन बागान किंवा ईस्ट बंगालची मॅच असली की अख्खी बंगाली मुंबई तिथे लोटायची आणि आम्ही आपल्याच गावात पाहुण्यासारखे कडेला बसायचो. कंपनीच्या लाल जर्सीवाल्याने बॉल घेतला की मात्र वडील उभे राहायचे. मागचे ओरडायचे, ‘ओ काका, बसा खाली!’ काका काही बसायचे नाहीत.

एका वर्षी मंडळाने ठरवलं, बक्षीस समारंभाला टीममधला खेळाडू आणायचा. वडिलांनी शब्द टाकला. आठवडाभर चाळीत एका नावाजलेल्या फॉरवर्डची चर्चा. फळ्यावर रंगीत खडूने त्याचं नावसुद्धा लिहून झालं. संध्याकाळी रिक्षातून उतरला तो राखीव गोलकीपर. त्याला कधी खेळताना आम्ही कुणी पाहिलंच नव्हतं. फळ्यावरचं नाव घाईघाईने पुसलं गेलं, पण ते धड पुसलं गेलं नाही आणि त्याने ते वाचलं असणार. वडील तर मान खाली घालून नारळ शोधत होते.

त्याने शिरा खाल्ला, लिंबू-चमच्याचे पेले वाटले, भाषणाला नाही म्हणाला. मग आमचे पडलेले चेहरे बघून विचारलं, ‘पेनल्टी कोण मारणार?’ जिन्याखालच्या भिंतीवर विटेच्या तुकड्याने गोल आखला. पायात ऑफिसचे काळे बूट, अंगात इस्त्रीचा शर्ट. वीस-बावीस पोरांनी मारल्या, नंतर विवाहितांनीही हात धुऊन घेतले. पठ्ठ्याने एकही गोल खाल्ला नाही. शर्टाची पार वाट लागली. माझी पेनल्टी अडवून बॉल परत देताना हळूच म्हणाला, ‘मारायच्या आधी कोपऱ्याकडे बघतोस तू. तिथेच कळतं.’

त्यानंतर पाच-सहा वर्षं तरी कूपरेजला गेलो की मी आधी राखीव खेळाडूंच्या बाकाकडे बघायचो. तो कधी मैदानात उतरला असेल, तर माझी ती मॅच चुकली.

रोव्हर्स कप २००१ च्या सुमारास बंद पडला. टीमचं नाव महिंद्रा युनायटेड झालं, आणि २००५-०६ मध्ये डेरिक परेराच्या हाताखाली राष्ट्रीय लीग जिंकली. ब्राझीलचा फॉरवर्ड बॅरेटो तेव्हा आमच्याकडे होता. ‘आमच्याकडे’च म्हणणार मी. त्या स्पर्धेत मुंबईच्या क्लबाला मिळालेलं ते एकमेव विजेतेपद. तोवर वडील निवृत्त झाले होते. पुढच्या संमेलनात त्यांनी स्वखर्चाने पेढे वाटले आणि ते कशाचे हे अर्ध्या पोरांना समजावून सांगावं लागलं. २०१० मध्ये टीम बंद झाली. ती बातमी मीच त्यांना वाचून दाखवली. ‘हं,’ म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

चाळीच्या जागी टॉवर आला. संमेलन आता पोडियमवर होतं, लिंबू-चमच्याला प्लास्टिकचा चमचा असतो, आणि बॉल गाड्यांवर जाईल म्हणून सेक्रेटरी नाराज असतात. मी केव्हाच विवाहितांच्या बाजूला गेलोय आणि पोट सुटल्यामुळे गोलात उभा राहतो. गेल्या वर्षी चौथ्या मजल्यावरची आठ-नऊ वर्षांची एक मुलगी पेनल्टीला आली. तिने मारायच्या आधी डाव्या कोपऱ्याकडे अगदी नीट बघितलं. मी बिनधास्त डावीकडे झेपावलो.

तिने उजवीकडे मारला.