मंगळाच्या दगडावर दोन लेसर

अंटार्क्टिकातील अ‍ॅलन हिल्स येथे १९८४ साली सापडलेल्या आणि मंगळावरून आलेल्या एएलएच ८४००१ या अशनीचा विषय निघाला की बहुतेकजण त्यातील जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या सूक्ष्म आकृत्यांपाशीच थांबतात. ऑगस्ट १९९६ मध्ये या आकृत्या प्राचीन जीवसृष्टीच्या खुणा असाव्यात असे मांडणारा शोधनिबंध आला आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनीही त्यावर निवेदन केले, यावरून तेव्हाचा गदारोळ कळावा. मला मात्र त्या शोधनिबंधातील स्टॅनफर्ड विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड झेअर यांच्या गटाचे काम अधिक मोलाचे वाटते.

त्यांच्या उपकरणात कार्बन डायऑक्साइडचा अवरक्त लेसर दगडाच्या ताज्या फोडलेल्या पृष्ठावरचा केसाच्या जाडीएवढा ठिपका क्षणार्धात तापवतो, आणि तेथील रेणू फारसे न मोडता निर्वातात उडतात. त्या विरळ झोतावर मग २६६ नॅनोमीटरचा अतिनील लेसर पडतो, ज्याच्या प्रत्येक फोटॉनची ऊर्जा ४.६६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणुरेणूंच्या ऊर्जेचे एकक) असते. अ‍ॅरोमॅटिक रेणू, म्हणजे कार्बनच्या विशिष्ट कड्यांनी बनलेला रेणू, एक फोटॉन शोषून उत्तेजित होतो आणि दुसऱ्या फोटॉनने त्याचा इलेक्ट्रॉन सुटतो. असा विद्युतभारित झालेला रेणू मग वस्तुमानानुसार ओळखता येतो. त्यांपैकी नॅफ्थलीनला इलेक्ट्रॉन सुटण्यासाठी ८.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. पाण्याला १२.६२ आणि नायट्रोजनला १५.५८ लागतात, शिवाय हा प्रकाश ते मुळात शोषतच नाहीत, त्यामुळे त्यांची लुडबुड होत नाही. नमुना विरघळवण्याचा, गाळण्याचा खटाटोप वाचतो आणि त्या खटाटोपात शिरणारी घाणही टळते.

अशनीत १७८, २०२, २२८ आणि २५२ या वस्तुमानांची शिखरे आलेखावर ठळक मिळाली, म्हणजे फेनान्थ्रीन, पायरीन, क्रायसीन, बेंझोपायरीन यांच्या जातीचे रेणू. प्रमाण दशलक्षात एका भागाहून थोडे जास्त होते. वितळून बनलेल्या बाह्य कवचाजवळ ते जवळजवळ नव्हते आणि आत जावे तसे वाढत होते. बाहेरून लागलेल्या मळाचे वितरण साधारणपणे याच्या उलट असायला हवे.

इथवरचे मापन भक्कम आहे. पण १७८ म्हणजे फेनान्थ्रीन की अँथ्रसीन, हे केवळ वस्तुमानावरून कळत नाही. त्यासाठी रेणू स्वनातीत (ध्वनीहून वेगवान) वायुझोतात थंड करून लेसरची तरंगलांबी हळूहळू बदलत न्यावी लागते. हे रेणू काजळीतही असतात आणि जीवसृष्टीशी संबंध नसलेल्या कार्बनयुक्त अशनींतही, त्यामुळे त्यांवरून थेट सजीवांकडे उडी मारणे मला तेव्हाही घाईचे वाटले. १९९८ साली कार्बन-१४ च्या मापनातून या अशनीतील बरेचसे सेंद्रिय द्रव्य पृथ्वीवरच मुरल्याचे दिसले, तरी हे विशिष्ट रेणू मंगळाचे की बर्फाचे, हा वाद त्याने मिटला नाही.