साखरेचा वॉश, खेप तिसरी: गोधडी काढून टाकली

वॉश म्हणजे साखरपाणी यीस्टने आंबवून केलेलं मद्य. आधी मागच्या खेपेची कबुली. सहाच्या सहा किलो साखर एकदम, पाणी कोमट, वर पाकीटभर टर्बो यीस्ट (पोषक क्षार मिसळलेलं, झपाट्याने आंबवणारं) आणि उबेसाठी पिंपाभोवती गोधडी. रात्री थर्मामीटर ४१ अंशांवर. सकाळी सगळं गप्प, हायड्रोमीटर (द्रवाची घनता दाखवणारं तरंगतं मापक, साखर संपते तसा आकडा उतरतो) १.०३० वर अडकलेला आणि वास नेलपॉलिश रिमूव्हरचा. ओतून दिलं.

मग कागदावर हिशोब मांडला. साखर आंबताना ग्रॅममागे अर्ध्या किलोज्यूलहून थोडी जास्तच उष्णता सुटते. सहा किलोची झाली तीन हजार किलोज्यूलच्या वर. ती सगळी २५ लिटर पाण्यातच राहिली तर तापमान ३० अंशांनी चढेल. सावकाश आंबलं तर ही उष्णता पिंपाच्या अंगातून हळूहळू निघून जाते. टर्बो तीच दोन-तीन दिवसांत ओकतं, आणि मी वर पांघरूण घालत होतो!

म्हणून या वेळी साखरेचे दोन हप्ते केले. पहिली चार किलो विरघळवून एकूण साडेबावीस लिटर केलं. साखर आम्लात उकळून ‘फोडून’ घ्यायच्या भानगडीत पडलो नाही. यीस्टकडे इन्व्हर्टेज हे साखर फोडणारं एन्झाइम असतं, ते काम ते स्वतः करतं. यीस्ट टाकायच्या आधी मात्र पाच मिनिटं जोरात घुसळलं, कारण सुरुवातीला त्याला प्राणवायू लागतो. हायड्रोमीटर १.०६८, तापमान २४ अंश. पिंप पाण्याच्या टबात, टबात बर्फ झालेल्या बाटल्या, खिडकी उघडी. खिडकीचं हसू नका. सहा किलो साखरेतून तीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे दीड हजार लिटरहून जास्त. बंद खोलीत हे करू नये.

प्रगती मोजायला एअरलॉकचे (वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झाकणावरच्या झडपेचे) बुडबुडे मोजणं मी सोडलंय. झाकण जरासं गळकं असलं की बुडबुडे बंद आणि आत कारखाना चालूच. त्याऐवजी पिंप वजनकाट्यावर ठेवतो. गेलेल्या दर ग्रॅम वायूमागे जवळपास दोन ग्रॅम साखर संपलेली असते. झाकण उघडायला नको, नमुना काढायला नको. पिंप उचलायला दुसरा माणूस लागतो एवढंच.

२४ तास: ७०० ग्रॅम कमी, तापमान २८. बाटल्या दर सहा तासांनी बदलल्या.

३६ तास: १.२ किलो कमी, हायड्रोमीटर १.०२४. (नळीतला नमुना आधी ढवळून वायू घालवा, आणि हायड्रोमीटर बोटांनी गर्रकन फिरवा. त्याला बुडबुडे चिकटले की तो वर उचलला जातो आणि आकडा खोटा येतो.) उरलेल्या दोन किलोचा पाक करून, निववून ओतला. इथपर्यंत शहाणपणा. पातेल्याच्या तळाशी मूठभर न विरघळलेली साखर दिसली, ती चमच्याने तशीच ढकलली. वायूने भरलेल्या द्रवात कोरडे दाणे पडले की काय होतं हे मला माहीत होतं. तरीही. फेस पिंपाबाहेर, टबात, पायावर. फरशी पुसली, वजनाचा हिशोब नव्याने शून्यापासून धरला. नवं वाचन १.०५३.

तिसऱ्या दिवशी जोर, २९ अंश. त्याच्या वर जाऊ दिलं नाही.

चौथ्या दिवशी १.०१२ वर मंदावलं. तापमान बरोबर, मग अडलं कुठे? पीएच पट्टी लावली तर ३ च्या खाली. साखरपाण्याची ही जुनी खोड. फळांच्या रसात किंवा माल्टमध्ये आम्लता सांभाळून धरणारे घटक असतात, नुसत्या साखरेत काहीच नसतं. यीस्ट पाकिटातल्या अमोनियम क्षारांतला नत्र उचलतं आणि बदल्यात आम्ल सोडतं. आम्ल मारायला चमचाभर कॅल्शियम कार्बोनेट थोडं थोडं करत टाकलं (हेही फसफसतं, पण या वेळी शिकलो होतो). संध्याकाळपर्यंत वजन पुन्हा घटायला लागलं.

सहावा दिवस ०.९९३, सातवा ०.९९०, आठवा ०.९९०. पाण्याच्या १.००० खाली आकडा गेला म्हणून नवीन लोक घाबरतात, पण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, तसंच व्हायला हवं. हिशोबाने साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. पाकिटावर ४८ तास लिहिलंय. लिहू देत.

चव कोरडी, यीस्टची झाक आहे, पण घशाला ती जुनी आग नाही. रिमूव्हरचा वास अजिबात नाही. ढवळून वायू काढला, बेंटोनाइट (गढूळपणा खाली बसवणारी माती) टाकलं, थंड जागी ठेवलंय. वरचा चार बोटं भाग निवळलाय, खाली साका बसतोय. नीट निवळलं की साक्याला न हलवता नळीने वरचं काढून पाच टक्क्यांपर्यंत पातळ करणार, लिंबाची साल आणि वायू भरणार. हे असंच प्यायचंय. ऊर्ध्वपातनाचं कुणी विचारू नका, त्याला बहुतेक देशांत परवाना लागतो.

पुढच्या खेपेला पाच किलो, पण एकाच हप्त्यात, आणि कार्बोनेट चौथ्या दिवसाची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी. बर्फाच्या बाटल्या आताच फ्रीजरमध्ये लावल्यात.