शनिवार पाळला आणि रविवारी फसले

भाच्याचं ऑफिस लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनमध्ये, एका काचेच्या टॉवरच्या एकविसाव्या मजल्यावर. शुक्रवारी दुपारी त्याच्याकडे पोचले तेव्हा विमानातल्या त्या उपम्यावर चौदा तास काढलेले होते. मी म्हटलं, "बाबा रे, आधी काहीतरी खायला घाल." तो म्हणाला, "मावशी, खाली डेली आहे ना, सँडविचचं दुकान! मी रोज तिथेच खातो."

ती डेली म्हणजे लॉबीच्या कोपऱ्यात काचेचं एक थंड फडताळ. आत प्लॅस्टिकच्या तिकोनी डब्यांतली सँडविचं हारीने बसलेली. माझ्या वाट्याला आलेल्या सँडविचमधल्या टर्कीच्या चकत्या इतक्या पातळ होत्या की दिव्याकडे धरल्या तर पलीकडचा माणूस दिसावा. पाव दमट, टाळूला चिकटणारा, आणि लेट्यूसची कड तपकिरी पडलेली. किंमत चौदा डॉलर. गुणिले ऐंशीनव्वद करायचं नाही असं प्रत्येक वेळी ठरवते आणि प्रत्येक वेळी करतेच. दोन वर्षं हा मुलगा हे खातोय! बहिणीला कळलं तर पुढच्या विमानाने डबा घेऊन येईल.

शेजारच्या टेबलावर त्याची ऑफिसातली एक सहकारी बसली होती, जन्मापासून इथलीच. माझं तोंड बघून ती हसली. म्हणाली, ही नावापुरती डेली. मग पेपर नॅपकिनवर लिहून दिलं: 'लँगर्स, सातवा रस्ता आणि अल्व्हाराडो, नंबर १९.' मला वाटलं १९ हा घरनंबर. तो मेनूतला आकडा होता.

डेली हे डेलिकॅटेसनचं लघुरूप, शब्द जर्मनांकडून आलेला. पण अमेरिकेत डेलीला जी इज्जत आहे ती मुख्यतः पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांनी मिळवलेली. लँगर्सही ज्यू डेली, १९४७ साली अल लँगर यांनी सुरू केलेली. ज्यू हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. दिवा चुकीचा होता, पण तेव्हा ते कळलं नाही.

मी अलिबागची. आमच्याकडे इस्रायल आळी आहे, सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर आहे, आणि लहानपणी आमच्या शेजारी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, आजी होत्या. नऊवारी नेसणाऱ्या, कोळणीशी अस्सल आगरीत भांडणाऱ्या. या समाजाला कोकणात शनिवार तेली म्हणत, कारण पूर्वी घाणे चालवणारी ही मंडळी शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवायची. आजींकडे शनिवारी चूल पेटत नसे. आम्ही पोरं त्या दिवशी त्यांच्याकडे काही मागायला जात नसू, ते अंगवळणीच पडलं होतं.

तेव्हा शनिवारी भाचा म्हणाला, "चल, जाऊन येऊ तुझ्या त्या डेलीत," तर मी त्याला वेड्यात काढलं. "अरे, ज्यू लोकांची जागा. आज शनिवार. बंद असणार. उद्या जाऊ." फोनवर बघण्याचीही गरज वाटली नाही. मला ठाऊकच होतं ना!

शनिवार मग इकडेतिकडे गेला. सुट्टीच्या दिवशी डाउनटाउनचे ऑफिसांचे रस्ते आपल्याकडच्या फोर्टसारखेच ओस पडतात. ग्रँड सेंट्रल मार्केटमध्ये मात्र गर्दी होती. १९१७ पासूनचा हा बाजार, निऑनच्या पाट्या आणि टाको. समोरच एंजल्स फ्लाइट नावाची १९०१ची चिमुकली रेल्वे टेकडीवर चढते. दोनच डबे, एकाचं नाव सिनाई, दुसऱ्याचं ऑलिव्हेट. बसलो आणि उतरलो, एवढाच तो प्रवास.

रविवारी मी एकटीच निघाले. सेव्हन्थ स्ट्रीटच्या मोठ्या स्टेशनवरून भुयारी मेट्रोने फक्त एक स्टेशन. पावणेदोन डॉलर. वर आले ती अल्व्हाराडो रस्त्यावर, समोर मॅकआर्थर पार्क आणि त्याचं तळं. या एका स्टेशनात शहर बदलतं. टॉवर मागे राहतात आणि फुटपाथभर ग्वातेमाला, एल साल्वाडोरकडची माणसं दुकान मांडून बसलेली. चार्जर, मोजे, खोकल्याची औषधं, आणि कापलेल्या आंब्यावर तिखट-मीठ-लिंबू. शाळेच्या फाटकाबाहेरची कैरीवालीच, फक्त बोलते स्पॅनिश. उगाच गोड लिहायचं नाही म्हणून हेही सांगते: बागेच्या कडेला नशेत कमरेतून वाकून तशीच थिजलेली दोन माणसं दिसली आणि पर्स मी पुढे घेतली.

कोपऱ्यावर लँगर्स. काचेतून आतली तपकिरी बाकडी दिसत होती. खुर्च्यांवर मात्र कोणी नाही. दारावरची पाटी मी दोनदा वाचली. सोमवार ते शनिवार, सकाळी आठ ते दुपारी चार. रविवारी बंद.

शनिवारी उघडी! ज्यू डेली शनिवारी उघडी आणि रविवारी बंद! मी भाच्याला फोन केला. तो इतका हसला की मला फोन ठेवावा लागला.

पोटात कावळे होतेच. त्याच मेट्रोने उलट दिशेला युनियन स्टेशन गाठलं आणि तिथून चालत फिलिप्समध्ये गेले. ही डेली नव्हे, पण सँडविचच्या बाबतीत या शहरातली दुसरी काशी. फिलिप मॅथ्यू या फ्रेंच माणसाने १९०८ साली काढलेली. हायवेच्या बांधकामामुळे १९५१ मध्ये आत्ताच्या जागी आली. जमिनीवर चक्क लाकडाचा भुसा पसरलेला. लांबलचक टेबलं, स्टुलं, आणि कोणीही कोणाशेजारी बसावं. काउंटरमागे बायका उभ्या राहून मांस कापतात, त्यांना कार्व्हर म्हणतात. ज्या बाईसमोरच्या रांगेत तुम्ही उभे राहता तीच ऑर्डर घेते, कापते, ताट लावते आणि पैसे घेते. मधे टोकन नाही, हाका नाहीत.

इथलं सँडविच म्हणजे फ्रेंच डिप. १९१८ साली मॅथ्यूच्या हातून पाव भाजलेल्या मांसाच्या रसात पडला, गिऱ्हाईक म्हणालं असू दे तसाच, आणि पदार्थ जन्मला, अशी इथली कथा. १९०८ सालीच निघालेल्या कोल्स नावाच्या दुसऱ्या जागेचा दावा की हे आम्हीच आधी केलं. बाकरवडीपासून मिसळीपर्यंत 'मूळ' आणि 'आद्य'च्या पाट्या वाचत मोठी झालेली मी. या भांडणात पडले नाही. कार्व्हरबाईने विचारलं, एकदा बुडवू की दोनदा? कटात पाव बुडवून खाणाऱ्या माणसाला हा काय प्रश्न आहे? दोनदा. कोकराचं मांस घेतलं. टेबलावर त्यांची स्वतःची मोहरीची चटणी असते, ती मी केचपच्या हिशोबाने लावली आणि पहिल्याच घासाला ठसका थेट नाकातून मेंदूत गेला. शेजारच्या आजोबांनी न बोलता कागदी रुमाल पुढे सरकवला. त्यांना सवय असावी.

सँडविच झकास होतं. पण नॅपकिनवरचा १९ डोक्यातून जाईना.

सोमवारी भाच्याने लंच अवरचं मीटिंग पुढे ढकललं. पावणेबाराला पोचलो तरी बाहेर आठदहा माणसं उभी. निम्म्यांच्या गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं, म्हणजे आमच्यासारखीच मेट्रोने आलेली. ही गर्दी मेट्रोचीच देणगी आहे. एकेकाळी या वस्तीत ज्यू गिऱ्हाईक होतं, ते हळूहळू शहराच्या पश्चिमेकडे सरकलं, वस्ती बदलली आणि धंदा खालावला. १९९३ मध्ये भुयारी मेट्रो सुरू झाली आणि तिचं एक तोंड नेमकं या दारापाशी निघालं. डाउनटाउनचे कारकून नि वकील जेवणाच्या सुट्टीत येऊन जाऊ लागले आणि डेली तगली.

आता नंबर १९मधल्या पास्ट्रामीबद्दल, कारण सगळं तिच्यासाठीच चाललंय. हे गायीचं मांस. मी खाते, ज्यांना चालत नाही त्यांनी मांसाचं वर्णन ओलांडून जावं, राग नाही. पोटाकडचा चरबीदार भाग मिठाच्या मसालेदार पाण्यात कित्येक दिवस मुरवतात, वरून भरडलेले मिरे-धने चोपडतात, धुरावर ठेवतात आणि शेवटी वाफवतात. नाव तुर्की 'पास्तिर्मा'वरून आलंय, म्हणजे दाबलेलं. रुमानियातल्या ज्यूंनी ते अमेरिकेत आणलं. खरी गोम वाफेत आहे. बहुतेक ठिकाणी मांस जरा गरम करून यंत्रावर भराभर पातळ कापतात. इथे ते तासन् तास वाफेवर असतं, इतकं मऊ होतं की यंत्रात घातलं तर भुगाच होईल. म्हणून हाताने कापावं लागतं. आम्ही काउंटरजवळ बसलो होतो. कापणाऱ्याने तो काळाकुट्ट, वाफाळता गोळा फळीवर ठेवला, काट्याने अलगद धरला, आणि सुरी जवळजवळ वजन न देता पुढेमागे केली. चकती पाव इंच तरी जाड. कडेला मिऱ्यांची काळी साल, आत गडद गुलाबी, मधून चरबीची पारदर्शक रेघ. एकेक चकती उचलताना ती किंचित थरथरत होती.

आणि पाव. राय म्हणजे आपली राई नव्हे, गव्हाच्या नात्यातलं थंड मुलखातलं धान्य. त्याच्या पिठाचा पाव बेकरीतून आला की इथे पुन्हा भट्टीत घालतात आणि गरम असतानाच कापतात. त्यामुळे कड कुरकुरते आणि आतला भाग लुसलुशीत राहतो. शुक्रवारच्या त्या टाळूला चिकटणाऱ्या पावाला हे दाखवायला हवं होतं. चांगलं सँडविच म्हणजे भरपूर मांस हा अमेरिकन समज मला पटत नाही. पाव मेला की सँडविच मेलं.

भाच्याने टर्की मागवली, कारण लग्नात सासूबाईंना बीफ न खाण्याचा शब्द दिलाय. माझा नंबर १९ आला: गरम पास्ट्रामी, वर स्विस चीज, कोबीची कोलस्लॉ आणि गुलाबीसर रशियन ड्रेसिंग. मी बघतच राहिले. मांसावर चीज?

आजींच्या घरी मटण शिजायचं त्या दिवशी दूध-दही पानात येत नसे. मांस आणि दूध एकत्र नाही, हा धर्माचा नियम. म्हणून त्यांच्या रश्श्यात नारळाचं दूध, आणि मलिद्यातही ओलं खोबरं. एकदा मी मटणाच्या ताटावर दही मागितलं तेव्हा त्यांनी मला मारलं नाही, फक्त इतकं बघितलं की ते मागणं मी पन्नाशीतही विसरले नाहीये. आणि इथे ज्यू डेलीचं सगळ्यात नावाजलेलं सँडविच म्हणजे मांसावर चीजची चादर!

वाढणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, पेन कानामागे. त्यांना मी शनिवार-रविवारचं विचारलं आणि चीजचंही. त्या म्हणाल्या, हनी, आम्ही कोशर नाही, कोशर-स्टाइल आहोत. म्हणजे पदार्थ परंपरेतले, पण कोशरचे, म्हणजे ज्यू धर्मातल्या खाण्याचे, नियम पाळायची सक्ती नाही. भाचा मराठीत पुटपुटला, "म्हणजे श्रावणात अंडं चालतं, तसले." मी त्याला टेबलाखालून लाथ मारली.

पहिला घास घेतला. आधी पावाची कड मोडल्याचा आवाज, मग मिरे-धन्यांचा ओळखीचा वास, मग ते मांस, जे चावावं लागत नाही, पण लगदाही नाही. कोलस्लॉचा थंड करकरीतपणा मध्येच. मी बोलायची थांबले. भाच्याच्या मते ही ऐतिहासिक घटना. तो आपल्या टर्कीकडे आणि माझ्या बशीकडे आळीपाळीने बघत होता, आणि शेवटी सासूबाईंचं नाव घेऊन फक्त पावाची एक कड मागून घेतली. चघळत म्हणाला, "दोन वर्षं मी काय खात होतो गं?"

दोघांचं मिळून टिपसकट पन्नास डॉलरच्या वर गेलं. गुणाकार केला. एक अर्धुक बांधून घेतलं.

रात्री भाच्याच्या फ्रिजमधून ते काढलं तर चीज थिजून रबरासारखं झालेलं. मी ते सोलून बाजूला केलं, कोलस्लॉ झटकली, पाव तव्यावर परतला, मांसाला झाकण ठेवून पाण्याची वाफ दिली आणि फिलिप्सहून आणलेली मोहरीची चटणी लावली, या वेळी नखभर. ओट्याशी उभ्यानेच खाल्लं. नंबर १९च्या भक्तांनी मला माफ करावं, पण हे दुपारच्यापेक्षा चांगलं लागलं. ड्रेसिंग आणि चीज त्या मांसाच्या मध्ये मध्ये बोलतात. पुढच्या वेळी नुसती पास्ट्रामी, राय आणि मोहरी मागणार. आजींना तेवढं तरी चाललं असतं का? नाही, नसतं. त्यांच्या हिशोबात ते भांडंच बाटलेलं.

बुधवारी विमानतळावर चेक-इनच्या रांगेत असताना भाच्याचा मेसेज आला. 'मावशी, आज एकटाच गेलो लँगर्सला. चार वाजून पाच मिनिटांनी पोचलो.'