तुम्ही विचारलंत म्हणून: हिरडा, प्रोटिएज आणि जंतूची कडबाकुट्टी

बेळगाव-खानापूरकडची एम.एस्सी.ची मुलं नेहमी विचारतात: "हिरड्याच्या अर्कानं जंतूचं प्रोटिएज (प्रथिनं कापणारं एन्झाइम) बंद पडलं, म्हणजे नवं अँटिबायोटिक सापडलं ना?"

एवढ्यावरून नाही म्हणता येत. आधी अर्कावरच संशय घ्या. हिरड्यात टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर, आणि टॅनिन दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं. त्याच अर्कानं ट्रिप्सिनही, म्हणजे आपल्या पचनातलं प्रोटिएजही, थांबलं, तर तुमच्या हाती टॅनिनच लागलंय. शिवाय चाचणीत प्रथिन कापलं की चकाकी वाढते, आणि अर्काचा तपकिरी रंग ती चकाकी गिळतो. चकाकता रंग जोडलेलं केसीन (दुधातलं प्रथिन) पूर्ण कापून झाल्यावर त्यात अर्क टाका. आकडा तेव्हाही खाली आला, तर एन्झाइमचा काही संबंध नाही. 0.01 टक्के ट्रायटन (साबणासारखा पदार्थ) घालून परिणाम नाहीसा झाला, तर रेणूंच्या गुठळ्या झाल्या होत्या.

आता यंत्राकडे या. जंतूचं प्रोटिएज क्लिप-पी हे 14 घटकांचं पिंप: सात-सातची दोन कडी, धार सगळी आतल्या पोकळीत. तोंड इतकं अरुंद, की घडी घातलेलं प्रथिन आत शिरतच नाही. क्लिप-एक्स नावाचं जोडीदार प्रथिन एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून घडी उलगडतं आणि आत सारतं. निपाणीकडं कडबाकुट्टीला पेंढी लावणारा गडी असतो, तसं.

ही कुट्टी बंद पाडली तरी स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा पू करणारा जंतू जगतो. म्हणून आम्हाला उलटी वाट जास्त पटते: तोंड कायमचं उघडं ठेवायचं. एडेप नावाचे रेणू क्लिप-एक्सच्या जागी बसून तेच करतात, हे 2005 साली प्रसिद्ध झालं. मग पेशी दुभागण्यासाठी लागणारं एफटीएसझेड प्रथिनसुद्धा कापलं जातं. हे 2005 साली प्रसिद्ध झालं. 2013 मध्ये एडेप आणि रिफॅम्पिसिन हे अँटिबायोटिक मिळून उंदरांतला चिवट संसर्ग साफ झाला. जोडीला दुसरं औषध लागतंच, कारण स्टॅफिलोकॉकस क्लिप-पीचं जनुक बिघडवून निसटतो.

क्षयाच्या जंतूला मात्र ही सोय नाही. क्लिप-पी1, क्लिप-पी2 आणि त्यांना प्रथिन पुरवणारं क्लिप-सी1 यांच्याविना तो वाढतच नाही. मेहनत तिथं घाला.

एडेपसारखे तोंड उघडणारे रेणू शोधायचे तर चाचणीत क्लिप-एक्स आणि एटीपी घालूच नका. नुसतं क्लिप-पी केसीन जवळजवळ कापत नाही. तुमच्या रेणूनं चकाकी वाढली, तर तोंड उघडलं. आणि आपल्या मायटोकॉन्ड्रियातही (पेशीतल्या ऊर्जाघरांतही) क्लिप-पी असतं, तेव्हा रेणू तेही उघडतो का ते पाहायला पहिल्याच दिवशी, त्याच प्लेटमध्ये, एक ओळ माणसाच्या क्लिप-पीची लावा.