पुन्हा रौप्य!

25 मे 2025. रात्री इथे स्वित्झर्लंडमध्ये, आमच्या इमारतीतल्या सगळ्या टीव्हींचे आवाज एकदम थांबले. स्टॉकहोमला आइस हॉकीच्या विश्वस्पर्धेची फायनल चालू होती, स्वित्झर्लंड विरुद्ध अमेरिका. ठरलेल्या वेळेत 0-0. जादा वेळेची जेमतेम दोन मिनिटं झाली आणि अमेरिकेच्या टेज थॉम्पसनने पक (या खेळातली रबरी चकती) जाळ्यात घातला. खेळ खलास. शेजारचे आजोबा लाल मफलर गुंडाळत बाल्कनीत आले, माझ्याकडे बघून फक्त चार बोटं दाखवली आणि आत गेले.

चार बोटं म्हणजे 2013, 2018, 2024 आणि 2025. चारही वेळा स्वित्झर्लंडला रौप्य. आपल्याला 19 नोव्हेंबर 2023 ची, क्रिकेट विश्वचषकाच्या फायनलची एक रात्र अजून पचत नाही, या लोकांचं काय होत असेल!

खरं तर इथवर पोचणं हेच नवल. 1998 मध्ये स्पर्धा यांच्याच देशात होती, म्हणून यजमान या नात्याने वरच्या गटात घेतलं. नाहीतर हे खालच्या गटात खेळत होते. त्या वर्षी थेट चौथे आले. प्रशिक्षक राल्फ क्रूगर यांनी संघाला चिवट बचाव शिकवला, इतका की 2006 च्या ऑलिंपिकमध्ये कॅनडाला एकही गोल करू दिला नाही, 2-0 ने हरवलं. 2015 च्या शेवटी प्रशिक्षक म्हणून पॅट्रिक फिशर आले. ते म्हणाले, बचाव पुरे, आता पुढे जा. सुवर्ण हवंय असं उघड बोलायची इथे पद्धत नव्हती, ती त्यांनी पाडली. पोरंही लहान वयात उत्तर अमेरिकेला खेळायला जायला लागली. एनएचएल ही तिकडची सगळ्यात मोठी लीग. 2017 च्या तिच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडताना, पहिलंच नाव आमच्या नीको हिशिएरचं होतं.

मग अडतंय कुठे? 2025 मध्ये उपांत्यपूर्व फेरी 6-0 ने जिंकली, उपांत्य फेरी 7-0 ने, आणि फायनलमध्ये शून्य गोल. 2024 च्या फायनलमध्येही शून्यच, चेककडून 0-2. गोलरक्षक जेनोनी तर 2025 च्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याने आणखी काय करायचं?

माझं आपलं एक मत आहे (ऑफिसात यावरून रोज वाद होतो). 2022 पासून इथल्या लीगमध्ये प्रत्येक संघाला चारऐवजी सहा परदेशी खेळाडू खेळवता येतात. क्लब त्यांना आणतात ते गोल करायलाच. प्रतिस्पर्ध्याचा माणूस शिक्षा भोगत बाहेर बसला, समोर एक जण कमी झाला, की बर्फावर आधी तेच उतरतात. मग घरच्या पोरांना दडपणाखाली गोल मारायची सवय लागणार कधी? लीगचा दर्जा वाढला, खेळाडूही तावूनसुलाखून निघाले, असं माझा सहकारी म्हणतो. तेही खोटं नाही.

परवा त्या आजोबांच्या नातवाचा सराव बघायला गेले होते. फोमच्या कठड्यांनी रिंकचे, म्हणजे बर्फाच्या मैदानाचे, तीन तुकडे केलेले. एवढ्याशा जागेत पोरं गोलच्या तोंडाशी एकमेकांना रेटत होती, मागून आलेला पक काठीने हलकेच वळवत होती. नातू सात वेळा चुकला. आठव्यांदा पक आत गेला, तसा प्रशिक्षक ओरडला, "पुन्हा!"

2026 ची स्पर्धा झ्युरिक आणि फ्रीबूरला, म्हणजे इथेच. आजोबांनी मफलर धुऊन बाल्कनीत वाळत घातलाय.