सुई कुठे टेकवायची

बुधवार, रात्रीचे साडेअकरा

गणपती तोंडावर आलेत, दुकानात अँप्लिफायरचा ढीग पडलाय. दिवसभर सोल्डरिंग करून बोटं पोळली. दुपारी एक पोरगा दारातूनच म्हणाला, "काका, आमचा डीजे दुरुस्त होईल ना विसर्जनाआधी?" आपल्याकडे डीजे म्हणजे गाडीवर रचलेली स्पीकरची भिंत. मला मात्र हा शब्द ऐकला की जोसेफ सॅडलर आठवतो, म्हणजे ग्रँडमास्टर फ्लॅश, टर्नटेबलवर (रेकॉर्ड प्लेअरवर) तबकड्या वाजवणारा हिप-हॉपचा, म्हणजे तालावर बोलत गायच्या संगीताचा डीजे. त्याच्याविषयी केव्हाचं लिहायचं होतं.

जन्म १९५८, बार्बाडोस. वाढला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये. तो मला आपल्यातला वाटतो, कारण तो मुळात मेकॅनिक. शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकला, भंगारातून, टाकून दिलेल्या गाड्यांतून स्पीकर काढून आणायचा. वडिलांच्या रेकॉर्डना हात लावायचा नाही, लावला तर मार. आमच्या बाबांचाही तोच कायदा होता. ते मारत नसत, पण दोन दिवस बोलत नसत.

गाण्यात मध्येच सगळं थांबून नुसते ड्रम वाजतात, त्या तुकड्याला ब्रेक म्हणतात. लोक त्यावरच नाचतात, हे ब्राँक्समध्ये १९७३ पासून कूल हर्क नावाचा डीजे दाखवत होता. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावून तो ब्रेक लांबवायचा. पण सुई अंदाजाने टेकवायचा, त्यामुळे जोडावर ताल तुटायचा. फ्लॅशला ते खटकलं. मलाही खटकलं असतं.

त्याने फेरे मोजायला घेतले. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. दहा सेकंदांचा ब्रेक साधारण साडेपाच फेऱ्यांत संपतो. रेकॉर्डवर खडूने खूण करायची, इकडची वाजतेय तोवर तिकडची मोजून उलटी फिरवायची, खूण जागेवर आली की सोडायची. बरोबर समेवर! रेकॉर्डवर बोटं ठेवणं म्हणजे तेव्हा पाप. त्याने बोटंच ठेवली. खाली रबरी मॅट हाताला अडवत होती. त्याची आई शिवणकाम करायची, त्यामुळे कापडाची जाण घरातलीच. त्याने फेल्ट, म्हणजे दाबून केलेलं जाड कापड, आणलं, ते लुळं पडलं, म्हणून स्टार्च मारून इस्त्री केली. पुढची सुई लोकांआधी आपल्या कानाला ऐकू यावी म्हणून दोन्ही टर्नटेबलचा आवाज जोडणाऱ्या मिक्सरवर एक टू-वे स्विच चिकटवला. असले स्विच मी आठवड्याला दहा बदलतो.

एवढं करून पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं, तर लोक नाचेचनात. नुसते बघत उभे राहिले. घरी जाऊन रडलो, असं त्यानेच सांगितलंय. हे वाचलं तेव्हा मला गलबलून आलं होतं. मग गर्दी हलती ठेवायला त्याने माइकवर तालात बोलणारी माणसं, म्हणजे रॅपर, घेतली. काउबॉय, मेली मेल, किड क्रिओल, पुढे आणखी दोघं. तेच फ्युरियस फाइव्ह.

१९८१ मध्ये त्याची सात मिनिटांची रेकॉर्ड आली. शिक, क्वीन, ब्लाँडी या बँडच्या तबकड्या घेऊन सगळं हाताने, सलग वाजवलेलं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. हेडफोन लावून ऐकली तर त्यात माणसाचा हात ऐकू येतो. आणि पुढच्याच वर्षी 'द मेसेज' आलं, जगभर गाजलं. नाव त्याचं आणि फ्युरियस फाइव्हचं, पण त्या गाण्यात त्याच्या टर्नटेबलचा एकही फेरा नाही. मदतीला बोलावलेला माइक पुढे गेला आणि हात मागे राहिला. १९८३ मध्ये रॉयल्टीवरून रेकॉर्ड कंपनीशी कोर्टकचेरी झाली, गट फुटला. २००७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला हिप-हॉप गट हाच. २०१९ मध्ये स्वीडनचा पोलर संगीत पुरस्कारही त्याला मिळाला. मला त्याचा आनंद आहेच, पण त्या मानपत्रांपेक्षा तो चिकटवलेला स्विच मला जास्त मोठा वाटतो.

आज दुकान बंद केल्यावर बाबांचा प्लेअर माळ्यावरून काढला. बेल्ट सैल झालाय, सुई अजून चांगली आहे. फेल्टचा तुकडा गोल कापला आणि आई सुती साड्यांना घालते त्याच खळीत बुडवला. हवा दमट, दोरीवर वाळता वाळेना, सकाळी इस्त्री फिरवावी लागेल. लाल खडूही काढून ठेवलाय. पण बाबांच्या रेकॉर्डवर खूण करायला अजून हात धजत नाही. मघापासून दोनदा पाकिटातून काढली आणि पुसून परत ठेवली.