कळण्याची भाकरी तीच, ताट मात्र वयाप्रमाणे

खानदेशात रावेर-यावलपासून शिरपूर-शहाद्यापर्यंत बहुतेक घरांत रात्रीचा स्वयंपाक सगळ्यांचा मिळून एकच असतो. कळण्याच्या भाकऱ्या, उडदाचं घुटं नाहीतर शेवभाजी, तोंडी लावायला ठेचा आणि कांदा. जेवणारे मात्र एका वयाचे नसतात. मांडीवरचं बाळ, नववीतली पोर, कापूस वेचून आलेली सून, कवळी काढून ठेवलेली आजी, सगळ्यांची पोटं त्याच चुलीवर. आहाराचे तक्ते प्रत्येकाला वेगळं खायला सांगतात आणि म्हणूनच ते भिंतीवरच राहतात. वेगळा स्वयंपाक करायची गरजही नाही. त्याच पातेल्यातून कुणासाठी कधी काढायचं, किती घट्ट ठेवायचं आणि ताटात बाजूला काय वाढायचं, एवढं बघितलं की पुष्कळ काम होतं.

आधी कळण्याविषयी, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर आहे. तीन भाग ज्वारी, एक भाग अख्खे उडीद आणि मीठ, हे सर्वसाधारण प्रमाण. नुसत्या ज्वारीत शंभर ग्रॅमला दहाएक ग्रॅम प्रथिनं असतात, पण त्यात लायसिन हा प्रथिनांचा घटक फार कमी. उडदात लायसिन भरपूर, मेथिओनिन हा दुसरा घटक कमी. दोन्ही एकत्र दळले की एकाची उणीव दुसरा भरतो. शिवाय प्रथिनं शंभर ग्रॅम पिठामागे तेराएक ग्रॅमवर जातात. साधारण ६५ ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर तिच्यात सव्वादोनशे कॅलरी आणि आठ-साडेआठ ग्रॅम प्रथिनं. हल्ली उडीद महाग पडतो म्हणून पाच-सहा भाग ज्वारीला एक भाग घालतात. चव थोडी राहते, फायदा घटतो. घरात वाढती मुलं असतील तर उलट दोनास एक करावं. भाकरी जरा चिकट होते, थापताना पिठी जास्त लागते, बाकी काही बिघडत नाही.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको. पाणी नको, गुटी नको, मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, कारण त्यातून बोट्युलिझमची विषबाधा होऊ शकते. बाळंतपणानंतरचा पिवळसर चीक काही घरांत अजूनही पिळून टाकतात, त्यासारखं नुकसान नाही.

खरी गडबड होते ती सहा महिन्यांनंतर. पोटातून आणलेला लोहाचा साठा याच सुमारास संपत येतो आणि नेमकं तेव्हा आपण बाळाला वरणाचं पाणी पाजतो. सात किलोच्या बाळाचं पोट एका वेळी दोनशे मिलीच्या आसपास मावतं. दीडशे मिली वरणाच्या निवळीत जेमतेम पंधरा-वीस कॅलरी असतात. तेवढ्याच वाटीत २५ ग्रॅम पिठाची खिमट आणि वरून चमचाभर तूप घातलं तर सव्वाशेवर जातात. पोट दोन्हींनी सारखंच भरतं. बाळ 'चांगलं जेवतं' पण वजन हलत नाही, त्यामागे बरेचदा ही पातळ वाटी असते.

खिमटीसाठी तीन भाग नागली (नाचणी) किंवा ज्वारी आणि एक भाग मूगडाळ, वेगवेगळी भाजून एकत्र दळावी. सपाट भरलेले तीन मोठे चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवावं, मग मंद आचेवर सात-आठ मिनिटं शिजवावं. चमचा तिरका केला तर खिमट सावकाश घसरली पाहिजे. धार लागली तर पातळ झाली. अडचण अशी की पीठ वाढवलं की खिमट लापशीसारखी गोळा होते आणि बाळ थुंकून टाकतं. त्यावर जुना उपाय मोडाच्या पिठाचा. नागली धुऊन बारा तास भिजवायची, ओल्या फडक्यात बांधून एक-दीड दिवस मोड आणायचे, वाळवून मोड चोळून पाखडायचे आणि अगदी हलकी भाजून दळायची. घट्ट खिमट शिजवून खाली उतरवली, वाफ थोडी ओसरली की यातलं अर्धा लहान चमचा पीठ घालून ढवळायचं. पाच मिनिटांत तीच खिमट पातळ होते, पाण्याचा थेंब न घालता. मोडातलं विकर (एन्झाइम) पिष्टाचे धागे तोडतं म्हणून हे होतं. उकळत्या खिमटीत घातलं किंवा मोडाची नागली खरपूस भाजली तर विकर मरतं आणि काहीच होत नाही. पातळ झाल्यावर मात्र एकदा उकळी द्यावी, जंतूंची भीती राहत नाही. हे काम ज्वारीच्या मोडांवर करू नका. ज्वारीच्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं, तान्ह्यासाठी ती जोखीम कशाला? नागली किंवा गहू घ्यावा.

आठव्या-नवव्या महिन्यापासून बाळाचा वाटा घरच्या पातेल्यातूनच निघू शकतो, फक्त मिरची, मसाला आणि फोडणी पडायच्या आधी. घुटं घोटून झालं की दोन पळ्या बाजूला काढाव्या, त्यात कळण्याच्या भाकरीचा मऊ पापुद्रा कुस्करावा. जळगावकरांना केळ्याचं वेगळं सांगायला नको. पिकलं केळं उत्तमच, पण त्यात लोह फारसं नाही, म्हणून केळं-दूध हेच जेवण करू नये. अंडं चालतं. शेंगदाण्याचं कूट चालतं, अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको, श्वासनलिकेत अडकतो. आणि कूट करताना काळपट, सुरकुतलेले, कडू दाणे निवडून फेकून द्यावेत. ते किडके म्हणून नव्हे, बुरशीचं विष भाजूनही जात नाही म्हणून.

अंगणवाडीत दंडाचा घेर मोजतात तो सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये, मूल दवाखान्यात दाखवावं.

शाळेच्या पहिल्या वर्षांत फार काही बदलत नाही. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला सतराशे कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. भूक स्वतःच मोजमाप करते, मधल्या वेळी कुरकुऱ्यांचं पाकीट नसेल तर.

दहा-बारा वर्षांनंतर मात्र मुलगा-मुलीची वाट फुटते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशी पाहिल्या तर तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला रोज २८६० कॅलरी लागतात, मुलीला २४००. म्हणजे मुलीचं ताट थोडं लहान. पण लोह मुलाला २२ मिलिग्रॅम आणि मुलीला ३०. लहान ताटातून जास्त लोह काढायचं आहे, आणि ते ताट बहुतेक घरांत शेवटी वाढलं जातं, तेही जे उरलं त्याचं. या वयातल्या मुली चक्कर येते, अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणतात तेव्हा आधी हिमोग्लोबिन तपासावं.

ज्वारी, उडीद, बाजरीत लोह आहे, पण धान्यातलंच फायटेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं आणि त्यातलं थोडंच अंगी लागतं. सोडवायला क जीवनसत्त्व लागतं. म्हणून ताटात लिंबाची फोड असावी आणि ती जेवताना पिळावी, शिजत्या भाजीत नव्हे. उष्णतेनं क जीवनसत्त्व जातं. हिवाळ्यात भरताबरोबर कच्ची कांद्याची पात, पेरू, आवळा, उन्हाळ्यात कैरी. जेवण झालं की लगेच चहा ही आपल्याकडची सवय लोहाच्या मुळावर येते. तासाभराचं अंतर तरी ठेवावं. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी ६० मिलिग्रॅम लोहाची असते. शौचाला काळं होतं म्हणून मुली ती खिडकीबाहेर टाकतात. काळं होणं हा गोळीचाच परिणाम आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्यावी.

नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात इथे एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. या आजारात रक्त कमी होतं ते पेशी फुटतात म्हणून, लोह कमी पडलं म्हणूनच असं नाही. वारंवार रक्त चढवलं असेल तर लोह उलट शरीरात साठतं. अशा रुग्णानं लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, फोलिक ॲसिड मात्र बहुधा दिलंच जातं. नुसते वाहक असलेल्यांना लोहाची कमतरता इतरांसारखीच होऊ शकते.

गरोदरपणात 'दोघांचं खा' म्हणतात, ते मापात चुकीचं आहे. वाढीव गरज साडेतीनशे कॅलरींची. प्रथिनांची मात्र शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅमनं वाढते, म्हणजे एरवीच्या ४६ च्या जवळजवळ निम्म्यानं. नेहमीच्या जेवणावर एक कळण्याची भाकरी, वाटीभर घट्ट घुटं आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे घातले की ही प्रथिनं भरून निघतात, कॅलरी थोड्या वरच जातात. कापूस वेचणीला जाणाऱ्या बाईला त्या खपूनही जातील. रोजची लाल लोहगोळी १८० दिवस, आणि ती कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकाच घोटात घेऊ नये. कॅल्शियम लोहाला अडवतं. एक सकाळी, एक रात्री असं ठरवून टाकावं.

बाळंतिणीची गरज गरोदर बाईपेक्षाही जास्त असते, पहिल्या सहा महिन्यांत सहाशे कॅलरी वरच्या. डिंकाचे दोन लाडू चारशेच्या आसपास देतात, त्यामुळे आपली रीत चांगलीच आहे. पण लाडवात खोबरं, गूळ, तूप, प्रथिनं बेताची. म्हणून लाडू आहेत तर डाळ नको, असं करू नये. आणि बाळंतिणीला पाणी कमी द्यायची जी पद्धत काही घरांत आहे ती पूर्ण सोडावी. जेवढी तहान लागेल तेवढं द्यावं.

तिशी-चाळिशीतल्या पुरुषांबद्दल एवढंच, की राबणाऱ्या शेतकऱ्याची गरज ३४७० कॅलरी आणि दुकानात बसणाऱ्याची २११०. फरक सहा भाकऱ्यांचा. शेत बटाईनं देऊन जळगावात दुकान टाकलं तरी भाकऱ्या तेवढ्याच राहतात, वर शेवभाजीची तर्री, आणि मग पोटाला दोष.

बाईची पाळी थांबली की गणित पालटतं. लोहाची गरज २९ वरून १९ मिलिग्रॅमवर उतरते आणि कॅल्शियमची हजारावरून बाराशेवर चढते. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम, तेवढंच दीड पेला दुधात. शेवग्याच्या पाल्याची भाजी आपल्याकडे फुकट मिळते आणि नेमकी म्हणूनच कुणी करत नाही.

म्हातारपणी भूक घटते, कॅलरींची गरजही घटते, बाईला पंधराशे पुरतात. प्रथिनांची घटत नाही. उलट स्नायू झडू नयेत म्हणून वजनाच्या किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम हवीत असं वृद्धांच्या आहारातले जाणकार मानतात. दात गेले की नेमकं उलट होतं. भाकरी सुटते, चहा-खारी आणि मऊ भात उरतो, हातापायांच्या काड्या होतात आणि घरचे म्हणतात वय झालं. त्यांच्यासाठी फुनके करावेत. दोन वाट्या तूरडाळ तीन तास भिजवून, निथळून, पाणी न घालता जाडसर वाटायची. लसूण, जिरं, कोथिंबीर, मीठ घालून मुटके करायचे आणि वीस मिनिटं वाफवायचे. सुरी कोरडी निघाली की झाले. डाळ अगदी बारीक वाटली तर मुटके गच्च होतात, म्हाताऱ्या माणसाला गिळता येत नाहीत. कढीत दहा मिनिटं मुरू दिले तर बोटानं फुटतात. पन्नास ग्रॅम डाळीच्या फुनक्यांत अकरा ग्रॅम प्रथिनं, कढीची वेगळी. भाकरी सोडायची नसेल तर ती ताकात किंवा घुट्यात भिजवावी, नुसत्या चहात नको.

हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा अशी लक्षणं असतील आणि माणूस शाकाहारी असेल, किंवा वर्षानुवर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन नाहीतर ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील, तर बी-१२ तपासून घ्यावं. वयानं जठरातलं आम्ल कमी होतं आणि खाल्लेलं बी-१२ सुटत नाही. रक्तदाब असेल तर बिबडे (ज्वारीचे पापड) आणि उडदाचे पापड मोजून. त्यात मीठ असतंच, पापडखारातून सोडियम आणखी जातं. भुसावळच्या मे महिन्यात म्हाताऱ्यांना तहान जाणवत नाही, म्हणून मागतील तेव्हा देऊ असं न म्हणता तासा-दोन तासांनी पेलाभर पाणी किंवा पातळ ताक हातात द्यावं. मूत्रपिंडाचा आजार निघाला असेल तर मात्र पाणी, प्रथिनं आणि केळी या तिन्हींचं माप डॉक्टर ठरवतील. केळ्यातलं पोटॅशियम अशा माणसाच्या रक्तात साठून हृदयाची लय बिघडवू शकतं, मग बाग घरची असली तरी.